जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट: पेनड्राइव्हपासून पहिल्या लॉगिनपर्यंत

विंडोज १०ला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे पडदा, कीबोर्ड, हार्ड डिस्क सगळं ठणठणीत असलेली असंख्य मशीन एका दिवसात ‘जुनी’ ठरली. तुमचं मशीन त्यातलं असेल तर ते मोडीत काढायची घाई नको. त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, टाकून बघा. ते फुकट आहे, आणि कॉम्प्युटरच्या माणसाला न बोलावता तुमचं तुम्हाला टाकता येतं.

मिंटच का? लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत आणि कुठला चांगला यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. नवख्याने त्या वादात पडू नये. मिंटमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यात मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असते, त्यामुळे विंडोजला सरावलेला हात फारसा अडखळत नाही. २०२४च्या जुलैमध्ये आलेल्या मिंट २२च्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. त्यासाठी ६४ बिटचा प्रोसेसर हवा, किमान २ जीबी रॅम हवी (४ असेल तर बरं) आणि डिस्कवर किमान २० जीबी जागा हवी. प्रत्यक्षात १०० जीबी दिली तर पुढे कटकट होत नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉल व्हायला बहुतेक मशीनवर अर्धा तासही लागत नाही. संध्याकाळ जाते ती आधीच्या तयारीत, म्हणून या लेखाचाही निम्मा भाग तयारीचाच आहे.

तुमचं काम त्यावर होईल का?

कॉम्प्युटरवर तुम्ही नेमकं काय करता, त्याची यादी कागदावर लिहा. ब्राउझरमधून होणारं सगळं, म्हणजे ईमेल, बँक, व्हिडिओ, ऑनलाइन अर्ज, जवळपास आहे तसं चालेल. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मिंटसोबतच येतात. वर्ड आणि एक्सेलच्या साध्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात. भरपूर मॅक्रो (फाइलीत लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेलच्या फायली मात्र रुसतात. फोटोशॉप चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन किंवा फक्त विंडोजसाठी बनवलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर तुमच्या पोटापाण्याशी जोडलेलं असेल तर विंडोज काढू नका. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवता येतात, ते पुढे येईलच.

मराठी माणसासाठी एक खास अडचण. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारी आजची अक्षरपद्धत, रुळण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या तुमच्या जुन्या फायली असतील, तर त्या फाँटशिवाय त्यात फक्त इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. विंडोजवर त्या नीट दिसतात याचं कारण तो फाँट तिथे कधीतरी टाकलेला असतो आणि आपण ते विसरून गेलेलो असतो. अशा फायली आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान त्यांची पीडीएफ तरी करून ठेवा.

बॅकअप, आणि माझी नडलेली हुशारी

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, म्हणून कोणी ऐकत नाही. मी ऐकलं होतं. पहिल्यांदा लिनक्स टाकताना घरचे सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढले, दोनदा मोजून पाहिले, आणि ती डिस्क कॉम्प्युटरला लावलेली तशीच ठेवून इन्स्टॉल सुरू केलं. पुढे डिस्क निवडायचा पडदा आला. दोन्ही डिस्कचा आकार सारखाच होता. मी वरची निवडली. ती बाहेरची निघाली. विंडोज जिथल्या तिथे शाबूत राहिलं आणि बॅकअप पुसला गेला. मूळ फोटो मशीनवर होते म्हणून वाचलो. क्रम उलटा झाला असता तर हा लेख लिहायला मी बसलो नसतो.

तेव्हापासून माझा नियम असा: बॅकअप झाला की त्यातल्या चार-पाच फायली दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर उघडून बघायच्या, आणि मग ती डिस्क वायरीसकट काढून कपाटात ठेवायची. इन्स्टॉल पूर्ण होईपर्यंत कपाट उघडायचं नाही.

डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही दोन फोल्डरं लोक हमखास विसरतात. ब्राउझरमधल्या खुणा (बुकमार्क) आणि साठवलेले पासवर्डही आठवणीने बाहेर काढा.

बिटलॉकर तपासा

हा टप्पा गाळू नका. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. ते चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती ४८ अंकी असते आणि बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. विंडोज ठेवायचंच असेल तर एनक्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्या आणि मगच पुढे जा. नाहीतर बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लावला की दुसऱ्या दिवशी विंडोज ते ४८ अंक मागतं, आणि ते आपल्याकडे नसतात.

विंडोज ठेवणाऱ्यांनी आणखी एक करायचं: कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायचं. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण मिटत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेतली डिस्क लिनक्सला धडपणे वापरता येत नाही.

डाउनलोड

लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरच जा. शोधयंत्राने दाखवलेल्या पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. तिथे तीन आवृत्त्या दिसतील: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. रॅम ४ जीबी किंवा त्याहून जास्त असेल तर सिनॅमन घ्या. मशीन खरंच थकलेलं असेल तर एक्सएफसीई. आतली प्रणाली तीच असते, फरक फक्त दर्शनी भागाचा. फाइल आयएसओ प्रकारची, म्हणजे अख्खी प्रणाली एकाच फाइलीत बांधलेली, असते आणि जवळजवळ ३ जीबी भरते. इंटरनेट मधेमधे तुटत असेल तर टॉरेंटचा पर्याय घ्या. तो तुटला तरी जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो.

जुन्या पेनड्राइव्हवर किंवा मित्राकडे दोन वर्षांपूर्वीची आयएसओ पडलेली असेल तरी ताजीच उतरवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटने लिनक्सचे काही जुने बूट-लोडर (प्रणाली सुरू करून देणारे छोटे प्रोग्राम) नाकारायला सुरुवात केली होती. तेव्हा जुन्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होईना आणि लोकांना कारण कळेना.

फाइल उतरली की पडताळणी. बहुतेक लोक ती करत नाहीत. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि डाउनलोडचा दुवा बदलून लोकांना भेसळ केलेली आयएसओ दिली गेली. ती दिसायला अगदी मूळ फाइलीसारखी होती, पण आत चोरदरवाजा होता. पडताळून पाहणाऱ्यांना ती ओळखता येत होती. अर्थात असं रोज घडत नाही. रोज घडते ती साधी गोष्ट: उतरताना फाइल कुठेतरी बिघडते आणि इन्स्टॉल अर्ध्यावर अडकतं.

पडताळणीची पद्धत सोपी आहे. प्रत्येक आयएसओसाठी ६४ अक्षरांचा एक ठसा जाहीर केलेला असतो, त्याला एसएचए-२५६ म्हणतात. फाइलीत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी अख्खा ठसा बदलतो. विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की फाइलीवर उजवी टिचकी मारून मेन्यूतून एसएचए-२५६ काढता येतो. ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसू नका. निघालेला ठसा कॉपी करा, संकेतस्थळाचं ठशांचं पान उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा आणि शोधाच्या चौकटीत तो चिकटवा. सापडला आणि तो तुमच्याच फाइलीच्या नावासमोर असला तर फाइल शुद्ध. सापडला नाही तर ती फाइल फेकून पुन्हा उतरवा. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांच्यासाठी ठशांच्या यादीवर डिजिटल सहीही दिलेली असते. संकेतस्थळच फोडलं गेलं तर घुसखोर ठसाही बदलू शकतो, पण सही बनवणं त्याला जमत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओ नुसती कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर काहीही होत नाही. ही चूक जवळपास प्रत्येक जण एकदा करतो. ती खास सॉफ्टवेअरने ‘लिहावी’ लागते. विंडोजवर रूफस वापरा. मॅकवर किंवा आधीच लिनक्स असेल तर बलेना एचर. रूफसमध्ये पेनड्राइव्ह निवडायचा, आयएसओ निवडायची, बाकी सगळं आहे तसं ठेवायचं आणि स्टार्ट दाबायचं. कुठल्या पद्धतीने लिहायचं असं विचारलं तर जो पर्याय ‘शिफारस केलेला’ म्हणून दिसतो तोच ठेवा. मधे ड्राइव्हचं नाव आणि आकार एकदा मोठ्याने वाचून बघा. वेड्यासारखं वाटतं खरं, पण उपयोग होतो.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

मशीन चालू करताच एखादी ठरावीक कळ दाबत राहायची म्हणजे कशावरून सुरू व्हायचं याचा मेन्यू येतो. कळ कंपनीगणिक बदलते: एफ१२, एफ९, एफ२, डिलीट किंवा एस्केप. तो क्षण सारखा हुकत असेल तर विंडोजमधूनच जा. शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्टवर टिचकी मारा, आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. तिथे पेनड्राइव्हचं नाव दिसेल.

सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं मशीनचं कुलूप, बंद करायला सांगणारे जुने सल्ले सर्वत्र सापडतात. मिंट ते चालू असतानाही सुरू होतं, त्यामुळे उगाच हात लावू नका.

आधी राहून बघा

थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येईल. अजून तुमच्या डिस्कला काहीही झालेलं नाही. सगळं पेनड्राइव्हवरून आणि रॅममध्ये चाललं आहे. याला लाइव्ह सत्र म्हणतात. इथे अर्धा तास घालवाच. वायफाय जोडा, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐका, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा, कॅमेरा बघा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवून बघा, प्रिंटर लावून एक पान छापा. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडा आणि तो जागा होतो का ते बघा. जुन्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा इथेच खोडी निघते.

वायफाय सापडत नसेल तर घाबरू नका. फोन यूएसबीच्या वायरीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा. इन्स्टॉल झाल्यावर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये बहुतेक वेळा योग्य ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) सापडतो. या सत्रात सगळं जरा संथ वाटेल, तो पेनड्राइव्हचा दोष आहे. आणि काहीच पटलं नाही तर मशीन बंद करा, पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जसंच्या तसं आहे.

इन्स्टॉल

लॅपटॉपला चार्जर लावा. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चिन्हावर दोनदा टिचकी मारा.

भाषा हवी ती निवडा. मराठीही आहे. पण कीबोर्ड मात्र आत्ता इंग्रजीच ठेवा. कीबोर्ड देवनागरी असेल आणि त्यावर पासवर्ड टाकला, तर नंतर लॉगिनच्या पडद्यावर तो कसा टाइप करायचा हेच कळेनासं होतं. मराठी कीबोर्ड नंतर दोन मिनिटांत जोडता येतो.

‘मल्टिमीडिया कोडेक’ची खूण करा, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी नीट वाजतील. सिक्युअर बूट चालू असेल तर इथे एखादा तात्पुरता पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो कागदावर लिहा. कशाला ते पुढे सांगतो.

मग डिस्क निवडायचा तो पडदा येतो. इथे चहाचा कप बाजूला ठेवायचा.

‘अलाँगसाइड’ म्हणजे विंडोजच्या शेजारी. ‘इरेझ डिस्क’ म्हणजे सगळं पुसून फक्त मिंट. ‘समथिंग एल्स’ म्हणजे विभागणी तुम्ही स्वतः करणार. नवख्याने पहिल्या दोनांपैकी एक घ्यावा. विंडोज ठेवायचं असेल तर सगळ्यात बिनधोक वाट ही: आधी विंडोजमध्येच ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून सी ड्राइव्ह आकसून घ्या आणि मोकळी झालेली जागा तशीच रिकामी सोडा. विंडोजचं विभाजन विंडोजनेच आकसलेलं बरं.

पुसण्याआधी कुठली डिस्क निवडली आहे ते आकारावरून ओळखा. इथे एक गंमत आहे. विंडोज २५६ जीबीची डिस्क २३८ दाखवतं आणि ५०० जीबीची ४६५. इन्स्टॉलर मात्र बहुधा पुठ्ठ्यावर छापलेलाच आकडा दाखवतो. कारण कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १,०७,३७,४१,८२४ धरतं. डिस्क तीच, मापं दोन. नावावरूनही थोडा अंदाज येतो: ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारं नाव म्हणजे मदरबोर्डवर बसणारी नवी एसएसडी, आणि ‘एसडी’ने सुरू होणारी म्हणजे साटा डिस्क किंवा यूएसबीला लावलेलं काहीही. हे ‘काहीही’ माझ्या वेळी मला महागात पडलं असतं.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या स्वतःच्या, विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) साठवणुकीची पद्धत ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’ वर ठेवलेली असते. ती ‘एएचसीआय’ करावी लागते. विंडोज ठेवणार असाल तर ती परस्पर बदलू नका, कारण आधीची तयारी न करता बदलली तर विंडोज सुरू होणं बंद होतं. अशा वेळी इथेच थांबून त्या पद्धतीची माहिती वाचून घ्या.

पुसून टाकायचंच ठरवलं असेल तर ‘अॅडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये डिस्क एनक्रिप्ट करण्याचाही पर्याय मिळतो. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर तो चांगला. पण तो पासवर्ड विसरलात तर आतलं काहीही, कोणालाही, कधीही काढता येत नाही.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर शेवटची विचारणा होते, कुठल्या डिस्कवर काय बदलणार याची. ती वाचा. इथवर परत फिरता येतं, यानंतर नाही. पुढचे प्रश्न सोपे: वेळेचा प्रदेश, तुमचं नाव, पासवर्ड. वापरकर्त्याचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. मग पट्टी सरकत राहते. शेवटी रीस्टार्ट करा, सांगितलं की पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

पहिल्या सुरुवातीतले दोन धक्के

मघाशी तात्पुरता पासवर्ड लिहून ठेवला असेल तर आता एक निळा पडदा येऊ शकतो. त्यावर ‘एमओके मॅनेजमेंट’ असं लिहिलेलं असतं. तो व्हायरस नाही आणि बिघाडही नाही. ‘एनरोल एमओके’ निवडा, मग ‘कंटिन्यू’, ‘यस’, तो तात्पुरता पासवर्ड आणि रीबूट. घाबरून काही न करता पुढे गेलात तर पडदा निघून जातो, पण काही ड्रायव्हर चालत नाहीत आणि कारण कळायला दोन दिवस जातात.

दुसरा धक्का: दोन्ही प्रणाली ठेवल्या आणि मशीन थेट विंडोजमध्येच गेलं. मिंट कुठेही गेलेलं नाही. बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बघा. तिथे ‘मिंट’ असं नाव शोधू नका, सापडणार नाही. मिंट उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्या यादीत ते ‘उबुंटू’ या नावानेच बसलेलं असतं. ते ओढून सगळ्यात वर आणा.

दोन प्रणालींत घड्याळ काही तास मागे-पुढे दिसलं तर तेही बिघडलेलं नाही. मशीनच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ.

पहिला तास

आधी ‘अपडेट मॅनेजर’ चालवा. पहिल्या वेळी यादी लांबलचक असते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’. त्यानंतर ‘टाइमशिफ्ट’ उघडून प्रणालीची एक प्रत काढून ठेवा आणि आठवड्याला एक अशी सवय लावून द्या. पुढे काही बिघडलं तर मशीन त्या दिवसाच्या अवस्थेत परत नेता येतं. मात्र टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही, फक्त प्रणाली सांभाळतं. कपाटातल्या डिस्कची सोय चालूच ठेवा.

सॉफ्टवेअर हवं असेल तर संकेतस्थळं धुंडाळू नका, ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये शोधा. विंडोजच्या सवयीने कुठून तरी फाइल उतरवून दोनदा टिचकी मारणं इथे बहुतेक वेळा लागतच नाही.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘लेआउट’ उघडा आणि मराठी जोडा. इनस्क्रिप्टची सवय असेल तर ते आहे, आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करणाऱ्यांसाठी ‘कागप’ नावाचा लेआउट आहे. इंग्रजीवरून मराठीवर जाण्यासाठी कळांची जोडी तिथेच ठरवता येते.

पेनड्राइव्ह मात्र महिनाभर तरी पुसू नका. कधी मशीन सुरूच झालं नाही तर त्याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र सुरू करा आणि मेन्यूतलं ‘बूट रिपेअर’ चालवा. बिघाड दुरुस्त झाला नाही तरी तिथून डिस्क उघडून फायली बाहेर काढता येतात. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून मिंटचा आवृत्ती क्रमांक लिहा आणि तो त्याच कपाटात ठेवा.